गरीब कुटुंबांतल्या लठ्ठपणा-प्रतिबंध आणि पोषण शिक्षणावर संशोधनासाठी निधी: विदर्भातल्या गावांसाठी प्रस्ताव कसा बांधायचा

गृहविज्ञानाच्या प्राध्यापिका, सामुदायिक वैद्यक विभागातले तरुण डॉक्टर आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांचे प्रस्ताव मी बरीच वर्षं वाचत आणि दुरुस्त करत आलो आहे. परत येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांची मांडणी सारखीच असते. पहिली चार पानं कुपोषणाच्या गांभीर्यावर जातात, मग एका कार्यक्रमाचं वर्णन येतं आणि शेवटी अंदाजपत्रक. त्यात संशोधनाचा प्रश्न कुठेच सापडत नाही. गाव कोणत्या महिन्यात काय करतं, याचा तर पत्ताच नसतो.

म्हणून या लेखात क्रमावर भर दिला आहे. लोक जाहिरात आधी वाचतात, शेवटच्या तारखेला घाबरून पंधरा दिवसांत प्रस्ताव लिहितात आणि गावात नंतर जातात. हा क्रम उलटा करायचा आहे. पहिल्या गावभेटीपासून प्रस्ताव सादर होईपर्यंत निदान चार महिने हाताशी ठेवा.

## कागद आधी जमवा

खालचे कागद शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत. आजच एक फाइल उघडा.

१. संस्थेची नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या), पॅन, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल.
२. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी. कंपन्यांकडे त्यांच्या सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी मागायला जाणार असाल तर सीएसआर-१ नोंदणीसुद्धा. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे.
३. मुख्य संशोधकाच्या नोकरीचं प्रमाणपत्र आणि संस्थाप्रमुखाचं संमतिपत्र.
४. नैतिकता समिती कुठली, तिची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे का, आणि पुढच्या तीन महिन्यांतल्या तिच्या बैठकांच्या तारखा.
५. तुमच्या जिल्ह्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मधलं तथ्यपत्रक. हे जिल्हावार मिळतं, तरी लोक देशाचेच आकडे टाकतात.

तपासणी: मुख्य संशोधक मान्यताप्राप्त संस्थेत नियमित नोकरीत आहे का? आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) सारख्या ठिकाणी बहुतेक योजनांत ही पहिली चाळणी असते. संस्था छोटी असेल तर वैद्यकीय महाविद्यालयातली किंवा विद्यापीठातली व्यक्ती मुख्य संशोधक आणि तुम्ही सहसंशोधक, अशी जोडी करा. त्यात कमीपणा नाही. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया अशा ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, म्हणजे विदर्भात जोडीदार शोधायला फार लांब जावं लागत नाही.

## टप्पा १: गावात जा, स्वयंपाकघर पाहा, मग प्रश्न लिहा

तीन गावं निवडा. प्रत्येक गावात पाच घरी बसा, चूल किंवा गॅस पेटलेला असताना. प्रश्नावली नेऊ नका, वही न्या.

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिमकडे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि चून (बेसनाचं पिठलं) दिसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूरकडे ताटात भातच भात. दोन्हीकडे आता पाच आणि दहा रुपयांचे पुडे पोचले आहेत. रेशनचं धान्य घरात आहे, तेल मात्र आठवडी बाजारातून पाव-अर्धा किलोनं येतं. मजुरीच्या दिवशी बाई गोड चहा चार-पाच वेळा घेते, कारण दुपारचा डबा उशिरा उघडतो. मजुरी मिळाली की बाजारातून येताना पोरांसाठी आलूबोंडा किंवा जिलेबी येते. हे दिसल्याशिवाय "आहारातील अयोग्य सवयी" असं लिहू नका. तो शब्द परीक्षकाला काहीच सांगत नाही आणि बाईवर आरोप तेवढा ठेवतो.

आता विदर्भात सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. एकाच घरात कमी वजनाचं मूल आणि जास्त वजनाची आई असू शकते. सर्वेक्षण-५ प्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे २१ टक्के स्त्रियांचा शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन) सामान्यपेक्षा कमी आहे, तर सुमारे २३ टक्के स्त्रियांचा २५ किंवा त्याहून जास्त. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानानं खुजी मुलं सुमारे ३५ टक्के. याच गावात जाऊन "तेल कमी करा, कमी खा" असं सरसकट सांगणारा प्रस्ताव कोणत्याही जाणत्या परीक्षकानं नाकारायलाच हवा, कारण तो संदेश नेमका त्या अशक्त मुलाच्या ताटापर्यंत पोचतो.

मग प्रश्न असा लिहा: कोणासाठी, काय केलं तर, कशाच्या तुलनेत, कोणता बदल, किती काळात. उदाहरणार्थ:

"कोरडवाहू शेतमजूर कुटुंबांत बचत गटाच्या बैठकीतून बारा महिने दिलेल्या स्वयंपाक-प्रात्यक्षिकांमुळे, नेहमीच्या अंगणवाडी सेवांच्या तुलनेत, तेलाचा माणशी वापर ठरवलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण वाढतं का, आणि त्याच घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची वाढ त्यामुळे खुंटत नाही ना?"

दुसरा अर्धा भाग मुद्दाम आहे. तो असला की परीक्षकाला कळतं, तुम्ही गाव पाहिलं आहे.

इशारा: "वजन कमी होणं" हा मुख्य परिणाम ठरवू नका. नुसत्या शिक्षणानं वर्षभरात प्रौढांचं वजन फारसं हलत नाही. प्रतिबंध म्हणजे वाढ रोखणं, आणि ती दिसायला वेळ लागतो. तेल, साखर, विकतचे तळलेले पदार्थ यांतला बदल मुख्य ठेवा आणि वजन व कंबरेचा घेर दुय्यम. मोठं आश्वासन देऊन निधी मिळवलेले प्रकल्प अंतिम अहवालात अडकलेले मी पाहिले आहेत.

## टप्पा २: पैसा कोणाकडे मागायचा

प्रश्न कागदावर आला की दार निवडता येतं. प्रत्येक दाराचा स्वभाव वेगळा आहे.

आयसीएमआर हे आरोग्य संशोधनासाठी. इथे आराखडा, नमुना आकार आणि मोजमाप हाच गाभा असतो. आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) सामाजिक शास्त्रांसाठी. तुमचा प्रश्न अन्नखर्च, घरातले निर्णय, बाजार, बाईच्या हातातला पैसा असा असेल तर इकडे या. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग राज्याचा आहे आणि विद्यापीठांच्या माध्यमातून स्थानिक प्रश्नांवरच्या कामाला मदत करतो. अमरावती, नागपूर आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांतल्या विभागांनी तिकडे पाहावं.

कंपन्यांचा सीएसआर निधी वेगळ्या तऱ्हेनं चालतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते, आणि अनुसूची ७ मध्ये भूक, कुपोषण आणि आरोग्य हे विषय आहेत. विदर्भात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या नागपूरला मुख्यालय असलेल्या सार्वजनिक कंपन्यासुद्धा यात येतात. पण कंपनीला कार्यक्रम हवा असतो, "नियंत्रण गट" (कार्यक्रम न मिळालेला तुलनेचा गट) हा शब्द तिथे पचत नाही. उपाय साधा आहे: शिक्षणाचा कार्यक्रम सीएसआरकडून आणि मोजमापाचा भाग संशोधन संस्थेकडून. दोन्ही प्रस्तावांत एकमेकांचा उल्लेख उघडपणे करा, एकच खर्च दोन्हीकडे दाखवू नका.

खाणपट्ट्यातल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान (खाणचालकांच्या अंशदानातून चालणारा जिल्ह्याचा निधी) आहे. त्याचा पैसा आरोग्य आणि महिला-बालकल्याणाच्या सेवांसाठी वापरता येतो. निव्वळ संशोधनासाठी तिथे जाऊ नका, पण सेवेचा भाग जिल्हाधिकारी कार्यालयात मांडता येतो.

परदेशी निधी घ्यायचा असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे नागपूरच्या संस्थेनं पैसा घ्यायचा आणि पांढरकवड्याच्या संस्थेला द्यायचा, ही जुनी रचना आता चालत नाही. शिवाय आरोग्य संशोधनात परदेशी निधी किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी लागते. तिचा वेळ वेळापत्रकात धरा.

इशारा: बाळांचं दूध-पावडर किंवा शिशुआहार बनवणाऱ्या कंपनीचा पैसा घेऊ नका. १९९२ च्या शिशु दुग्ध-पर्याय कायद्याप्रमाणे (सुधारणा २००३) अशा उत्पादकांना आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना संशोधनासाठीसुद्धा आर्थिक लाभ देता येत नाही. बिस्किटं, चिप्स किंवा गोड पेयं विकणाऱ्यांबाबत माझं मत स्पष्ट आहे: ज्यांचा पुडा तुमच्या प्रश्नात आहे त्यांच्याकडून पैसा घेऊ नये.

## टप्पा ३: परवानग्या, आणि त्या कोणत्या क्रमानं

नुसते खालून वर जाऊ नका आणि नुसते वरूनही येऊ नका. दोन वाटा एकाच वेळी चालवा.

१. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महिला व बालकल्याण विभाग. अंगणवाडी सेविकेची मदत लागणार असेल तर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याचं पत्र वेगळं घ्या.
२. बचत गट वापरणार असाल तर उमेद अभियानाच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) तालुका कक्षाशी बोला.
३. आदिवासी भागात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय: धारणी, पांढरकवडा, गडचिरोली, अहेरी, भामरागड, जे लागू असेल ते.
४. गावात सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील, आशाताई. पेसा क्षेत्रात (ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या आदिवासी भागात) ग्रामसभेपुढे विषय मांडा आणि ठराव घ्या.

तपासणी: ग्रामसभेचा ठराव मिळाला म्हणजे घरातल्या बाईची संमती मिळाली असं होत नाही. दोन्ही लागतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सांगितलेलं आहे.

अंगणवाडी सेविकेला न विचारता तिचं नाव प्रस्तावात टाकण्याची सवय सोडा. पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरच्या नोंदी, सर्वेक्षणं, आहार वाटप, सप्टेंबरचा पोषण माह आणि मार्च-एप्रिलच्या सुमाराचा पोषण पंधरवडा या सगळ्यांत ती आधीच वाकलेली असते. तिच्याकडून काम हवं असेल तर मानधन दाखवा, आणि कुठलं काम तिचं नाही तेही लिहा. वजन-उंचीचं संशोधन-मोजमाप तिचं नाही.

## टप्पा ४: आराखडा आणि नमुना आकार

गावात शिक्षणाचा प्रयोग घराघरांत वाटता येत नाही. एका घरी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी हातपंपावर सगळ्यांना कळते. म्हणून चिठ्ठ्या गावांच्या टाका: अर्धी गावं कार्यक्रमाची, अर्धी तुलनेची. मग एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे नमुना वाढवावा लागतो. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

समजा तेल मर्यादेत वापरणारी कुटुंबं आज ३० टक्के आहेत आणि ती ४५ टक्के व्हावीत अशी अपेक्षा आहे. ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याचा धोका) आणि ८० टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात सुमारे १६० कुटुंबं लागतात. एका गावातून २५ कुटुंबं घेणार आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातली घरं किती सारखी) ०.०२ धरला तर आराखडा-परिणाम (नमुना किती पट वाढवायचा) १ + (२५ − १) × ०.०२, म्हणजे १.४८. १६० ला १.४८ ने गुणलं की २३७. स्थलांतर आणि गळती १५ टक्के धरून २३७ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे २८०. २५ नं भागलं की ११.२, म्हणजे गटाला १२ गावं. एकूण २४ गावं, ६०० कुटुंबं.

सांख्यिकीतज्ज्ञाला दाखवाच, पण हे गणित तुम्हाला स्वतःला फळ्यावर मांडता आलं पाहिजे. मुलाखतीत तेच विचारतात. ३० टक्के हा आकडा कुठून आणला, याचंही उत्तर तयार ठेवा. टप्पा १ नंतर ५० घरांची छोटी चाचणी केली तर तो तुमचा स्वतःचा आकडा असतो.

### ऋतू: हे चुकलं तर बाकी सगळं वाया

आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. कापूसपट्ट्यातल्या एका कामात पहिलं मोजमाप डिसेंबरात झालं आणि शेवटचं पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. वजनं सरासरीनं घसरलेली दिसली. आम्हाला वाटलं, कार्यक्रमाचा परिणाम. पण तुलनेच्या गावांतही तितकीच घसरण होती. ४५ अंशांच्या उन्हात भूक मेलेली, घरात रोख पैसा संपलेला, पेरणीचं कर्ज डोक्यावर. आम्ही मोजला तो उन्हाळा. वर्षभराची मेहनत त्या एका निर्णयात गेली, आणि ज्या बायांनी आम्हाला दोनदा घरात घेतलं त्यांना सांगायला आमच्याकडे काही उरलं नाही.

पहिलं आणि शेवटचं मोजमाप एकाच महिन्यात ठेवा, आणि तो महिना गावाच्या कामावरून निवडा:

- कापूस-सोयाबीन पट्टा: जून पेरणी, जुलै-ऑगस्ट निंदण, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. बाई दिवसा घरी भेटायची असेल तर फेब्रुवारी.
- धानपट्टा: जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. रोवणीच्या दिवसांत जाऊच नका.
- जंगलपट्टा: मार्च-एप्रिल मोहफूल, एप्रिल-मे तेंदूपत्ता. पहाटेच घर रिकामं होतं.
- मेळघाट: दिवाळीनंतर माणसं कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळीचे आठ-दहा दिवस सगळे घरी असतात, पण ते सणाचे दिवस आहेत. त्या दिवसांतल्या ताटावरून रोजचा आहार ठरवू नका.

तपासणी: वेळापत्रकाच्या तक्त्यावर शेतीची कामं, सण, पोषण माह आणि संभाव्य निवडणूक आचारसंहिता यांची एक ओळ वर आखा. "महिना १ ते ३: माहिती संकलन" एवढंच लिहिलेलं वेळापत्रक परीक्षकाला काही सांगत नाही. निधी ऑगस्टमध्ये मिळाला तर काय आणि जानेवारीत मिळाला तर काय, दोन्ही लिहून ठेवा.

## टप्पा ५: मोजमाप

वजन-उंची. घरात जमीन शेणानं सारवलेली, उंचसखल असते. वजनकाटा तिथे अर्धा किलो सहज चुकतो. जाड प्लायवूडची पाटी आणि पाणसळ बरोबर न्या आणि ती अंदाजपत्रकात दाखवा. काटा रोज सकाळी प्रमाणित वजनानं तपासा आणि वहीत लिहा. उंची मोजताना अंबाडा सोडायला सांगा, चपला काढा. मोजणाऱ्या दोघींनी एकाच दहा बायांना दोनदा मोजून फरक पाहायचा. फरक जास्त आला तर प्रशिक्षण पुन्हा.

कंबरेचा घेर. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मधोमध. साडीच्या निऱ्यांवरून घेतलेला घेर निरुपयोगी. आडोसा हवा, मोजणारी बाईच हवी.

निकष. शरीर वस्तुमान निर्देशांकासाठी भारतीयांना २३ ते २४.९ जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असे निकष वापरले जातात, जागतिक निकष २५ आणि ३० आहेत. कंबरेसाठी स्त्रियांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९० सेंमी. कोणते वापरणार ते आधी लिहा, आणि सर्वेक्षणाच्या आकड्यांशी तुलना करताना २५ ची रेषा लक्षात ठेवा. गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना या मोजणीतून वगळा. मुलांना प्रौढांचे निकष लावणं ही अजूनही दिसणारी चूक आहे: पाच वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते, त्यापुढे वयानुसार संदर्भतक्ते.

आहार. चोवीस तासांची आठवण (मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्लं) किमान दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या, आणि त्यांतला एक बाजाराचा किंवा सुटीचा दिवस असू द्या. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार वेगळे नोंदवा. घरातलीच वाटी आणि पळी घ्या, पाणी भरून मोजपात्रात मोजा. शहरातून आणलेली नमुना-वाटी दाखवून उत्तरं घेऊ नका. पदार्थांची पोषणमूल्यं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांतून घ्या.

तेल चमच्यांत विचारू नका. आठवडाभरात किती विकत आणलं, मागचं किती उरलं होतं, आज किती आहे, आणि घरात जेवणारी माणसं किती, हे विचारा. महिन्याला ५ लिटर आणि पाच माणसं म्हणजे माणशी रोज साधारण ३० ग्रॅम. हा हिशेब बाई स्वतः लगेच करते आणि स्वतःच म्हणते, एवढं जातं होय!

साखरेचंही तसंच. दोन चमच्यांचे चार कप चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २,००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ च्या आत. चहाचा प्रश्न विसरलेली प्रश्नावली शेतमजूर कुटुंबात अर्धीच आहे.

इशारा: प्रश्नावलीत "लठ्ठ" हा शब्द नको. गावात "अंगानं भरलेली" म्हणजे सुखवस्तू, सासरी नीट नांदणारी. "लठ्ठ" ऐकलं की एक तर बाई हसते किंवा दुखावते, आणि पुढची उत्तरं खोटी होतात. गोंडी, कोरकू, माडिया, कोलामी बोलणाऱ्या घरांत प्रश्न त्या भाषेत करून घ्या आणि दुसऱ्या व्यक्तीकडून परत मराठीत आणून पडताळा.

## टप्पा ६: शिक्षणात नेमकं काय करणार

"जनजागृती करण्यात येईल" या वाक्यावर प्रस्ताव बाद होऊ शकतो. किती बैठका, किती मिनिटांच्या, कोण घेणार, प्रत्येक बैठकीत हातानं काय करून दाखवणार, हे तक्त्यात द्या. महिन्यातून एक बैठक, बचत गटाची वसुली संपल्यावर ४५ मिनिटं, एवढंच गावाला झेपतं.

नवे पदार्थ शिकवायला जाऊ नका. चुनात तेल निम्मं करून, कांदा आणि सांबार (कोथिंबीर) वाढवून तीच चव येते का, हे तिथंच शिजवून चाखू द्या. आंबाडी, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी या गोष्टी त्यांच्याच आहेत. ओट्स आणि ऑलिव्ह तेलाची चित्रं असलेलं पुस्तक शेतमजूर बाईच्या हातात देणं मला अपमानास्पद वाटतं. लहान मुलांसाठी संदेश वेगळा ठेवा: त्यांच्या ताटातलं तेल-तूप कमी करायचं नाही, पुडा कमी करायचा आहे.

तुलनेच्या गावांना काय? अभ्यास संपल्यावर तोच कार्यक्रम तिथे द्यायचा, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच दाखवायचा.

## टप्पा ७: नैतिकता समिती आणि नोंदणी

१. संमतिपत्र साध्या मराठीत, दोन पानांत. वाचता न येणाऱ्या बाईसाठी वाचून दाखवायचं, अंगठा आणि निःपक्ष साक्षीदाराची सही. तुमचा क्षेत्र-कार्यकर्ता साक्षीदार होऊ शकत नाही.
२. ७ ते १८ वर्षांच्या मुलांची स्वतःची होकार-संमती, पालकांच्या संमतीबरोबर.
३. मोजताना तीव्र कुपोषित मूल सापडलं तर? ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं, पुढे पोषण पुनर्वसन केंद्र. वाढलेला रक्तदाब सापडला तर काय, तेही लिहा. "संदर्भित केले जाईल" पुरेसं नाही. कोण नेणार, गाडीभाडं कोण देणार?
४. बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते, पण रक्कम एवढी नको की बाई केवळ पैशासाठी हो म्हणेल. समितीकडून रक्कम मंजूर करून घ्या.
५. आधार क्रमांक गोळा करू नका. गरजच नाही.
६. हस्तक्षेप असलेला अभ्यास सीटीआरआयमध्ये (भारतातल्या चाचण्यांची सार्वजनिक ऑनलाइन नोंदवही) पहिल्या सहभागीची नोंद होण्याआधी नोंदवा. मागाहून केलेल्या नोंदणीमुळे पुढे लेख नाकारले जातात.

## टप्पा ८: अंदाजपत्रक

रकमेपासून सुरुवात करू नका, दिवसांपासून करा. दोघींची एक जोडी दिवसाला सहा कुटुंबं नीट करते. ६०० कुटुंबं म्हणजे १०० जोडी-दिवस. चार जोड्या असतील तर २५ दिवस. बंद घरं, पाऊस, मयत, बाजार धरून एक-तृतीयांश वाढवा: सुमारे ३४ दिवस. दुसऱ्या दिवसाची आहार-आठवण सगळ्यांची घेणं झेपत नसेल तर किमान १२० कुटुंबांच्या उपनमुन्याची घ्या आणि ते दिवस वेगळे धरा. मग गाडी, मुक्काम, मानधन आपोआप निघतं, आणि परीक्षकानं रक्कम कापली तर काय कोसळेल ते तुम्ही दाखवू शकता.

नेहमी विसरल्या जाणाऱ्या ओळी: भाषांतर, काट्याची दुरुस्ती, प्रात्यक्षिकाचं सामान, संदर्भसेवेचं गाडीभाडं, सांख्यिकीतज्ज्ञ, लेखापरीक्षण, तुलनेच्या गावांतला नंतरचा कार्यक्रम, निष्कर्ष गावात नेण्याचा खर्च. क्षेत्र-कार्यकर्त्यांना शक्यतो त्याच तालुक्यातून घ्या आणि पूर्ण महिन्यांचा पगार दाखवा.

तपासणी: सरकारी निधी ३१ मार्चच्या हिशेबावर चालतो. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा मंजूर कामावरच खर्चल्याचा दाखला) वेळेत गेलं नाही तर दुसरा हप्ता थांबतो आणि नेमका शेवटच्या मोजमापाला पैसा नसतो. प्रकल्पासाठी स्वतंत्र नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा.

## टप्पा ९: सादर करण्याआधीचा आठवडा आणि परत आल्यानंतरचा महिना

प्रस्ताव दोघांना वाचायला द्या: एक तुमच्या विषयाबाहेरचा प्राध्यापक आणि एक आशाताई. प्राध्यापकाला विचारा, प्रश्न काय आहे ते एका वाक्यात सांग. आशाताईला पद्धतीचा भाग मराठीत वाचून दाखवा आणि विचारा, हे आपल्या गावात होईल का. तिनं "कापूस वेचणीत कोण बसते जी तुमच्याजवळ?" असं म्हटलं तर वेळापत्रक बदला, तारीख जवळ आली असली तरी.

पोर्टलवर शेवटच्या दिवशी अर्ज भरू नका. तीन दिवस आधी भरा आणि सही-शिक्क्याची पानं स्कॅन करून उघडून पाहा.

प्रस्ताव परत आला तर शेरे दोन रकान्यांत मांडा: डावीकडे शेरा, उजवीकडे काय बदललं आणि कोणत्या पानावर. जे बदलणार नाही त्याचं कारण द्या. दोन-तीनदा परत येऊन मंजूर झालेले चांगले प्रकल्प मला माहीत आहेत. मधल्या काळात ५० घरांची चाचणी वाढवा. पुढच्या फेरीत सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो.

आणि मंजुरी मिळाली की पहिलं काम: टप्पा १ मध्ये ज्या पंधरा घरी बसला होतात, तिथे जाऊन सांगा की काम सुरू होतंय, कोणत्या महिन्यात येणार आणि काय मोजणार. शेवटी निष्कर्षही तिथेच आधी न्यायचे आहेत, बचत गटाच्या बैठकीत, एका कागदावर, गावाच्या नावानिशी आकडे न देता.